‘आउटडू’ : एका अतिशायी क्रियापदाचा अर्थ आणि उपयोग

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्रजी भाषेतील ‘आउटडू’ या क्रियापदाचा अर्थ वर्गात सांगावयाचा झाल्यास ‘दुसऱ्यापेक्षा अधिक चांगले करणे’ असा सांगण्याचा प्रघात आहे. ‘एक्सेल’, ‘सरपास’ आणि ‘एक्सीड’ ही क्रियापदेही थोड्याफार फरकाने याच अर्थाखाली घातली जातात. व्यवहारापुरते हे स्पष्टीकरण पुरेसे वाटते. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासात ते अनेक ठिकाणी दिशाभूल करते. विषाने विषावर, गोंगाटाने गोंगाटावर आणि दुष्टाने दुष्टावर केलेली कुरघोडी हीदेखील या क्रियापदांच्याच कक्षेत येते. तेथे ‘चांगले’ या शब्दाला कोणतेही स्थान नाही. ‘अधिक’ हा शब्दही पुरा पडत नाही. दोन वस्तू एकमेकींशेजारी ठेवून एक मोठी व दुसरी लहान असे म्हणणे ही तुलना होय. ‘आउटडू’ आणि त्याच्या गोत्रातील क्रियापदे तुलनेवर थांबत नाहीत. ती एका कृतीने दुसऱ्या कृतीचा निकाल लावतात. तुलना आणि पराभव यांतील हे अंतर मराठीत उतरविता येते काय, आणि ते न उतरल्यास मूळ वाङ्मयकृतीतील नेमके काय हरवते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. चार क्रियापदे, चार चित्रे

वर निर्दिष्ट केलेल्या चार क्रियापदांच्या मुळाशी चार निरनिराळी स्थलवाचक चित्रे आहेत. ‘एक्सेल’ हे लॅटिनमधून आलेले असून त्यात उंचीची कल्पना आहे. जो उत्कृष्ट तो इतरांहून उंच दिसतो. ‘एक्सीड’ हेही लॅटिनच. परंतु त्याचा मूलार्थ बाहेर जाणे, म्हणजे आखलेली रेषा ओलांडणे असा आहे. ‘सरपास’ फ्रेंचमधून आले. त्यात वरून किंवा पलीकडे निघून जाण्याचा भाव आहे. ‘आउटडू’ मात्र अस्सल इंग्रजी घटकांचे बनलेले असून त्यात उंची नाही आणि सीमारेषाही नाही. त्यात केवळ ‘करणे’ आहे आणि त्या करण्यात दुसऱ्याच्या पुढे निघणे आहे.

या मूळ चित्रांचा परिणाम प्रत्यक्ष उपयोगावर झालेला दिसतो. ‘एक्सेल’ हे प्रशंसेचे क्रियापद आहे. आजच्या इंग्रजीत ते बहुधा अकर्मक येते. एखादा विद्यार्थी गणितात ‘एक्सेल’ करतो, तेव्हा त्याने कोणाला मागे टाकले हे सांगावे लागत नाही. पूर्वी त्याचा सकर्मक उपयोगही सर्रास होई. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या अधिकृत भाषांतरात नीतिसूत्रांच्या अखेरच्या अध्यायातील गुणवती स्त्री इतर सर्व कन्यांना ‘एक्सेल’ करते, आणि उपदेशकाच्या ग्रंथात प्रकाश जसा अंधाराला, तसे शहाणपण मूर्खपणाला ‘एक्सेल’ करते. प्रकाश आणि अंधार यांच्यात चढाओढ नाही. तेथे केवळ उंचीचा फरक आहे. ‘एक्सीड’मध्ये मर्यादेची जाणीव प्रधान असल्यामुळे त्याच्याभोवती संशयाची छाया राहते, अधिकार, खर्च आणि वेग यांच्या संदर्भात ते सहज दोषदर्शक होते. ‘सरपास’ तुलनेने तटस्थ आहे. ‘आउटडू’ला मात्र प्रतिपक्षाशिवाय अस्तित्वच नाही. त्याचे कर्म गाळले की वाक्य लंगडे पडते.

३. ‘आउट’ या उपपदाचे कार्य

‘आउटडू’ हे एकटे क्रियापद नसून एका मोठ्या कुळाचा प्रतिनिधी आहे. ‘आउट’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘बाहेर’. ‘आउटकास्ट’, ‘आउटलाइन’ किंवा अलीकडच्या काळातील ‘आउटसोर्स’ या शब्दांत तोच अर्थ कायम आहे. त्यांचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही. मध्ययुगीन इंग्रजीच्या उत्तरकाळापासून मात्र या उपपदाला ‘अमुक कृतीत दुसऱ्याच्या पलीकडे जाणे’ असा दुसरा अर्थ प्राप्त होऊ लागला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस नाटककारांच्या हाती तो विलक्षण फोफावला.

या अर्थाने येणाऱ्या उपपदाचे व्याकरणिक कार्य लक्षणीय आहे. धावणे, जगणे, कपाळाला आठ्या घालणे या अकर्मक क्रिया होत. त्यांना ‘आउट’ लागताच त्या सकर्मक होतात. आणि त्यांना मिळणारे कर्म म्हणजे क्रियेचा विषय नसून क्रियेतील प्रतिस्पर्धी असतो. धावणाऱ्याला वाट लागते, परंतु ‘आउटरन’ करणाऱ्याला दुसरा धावणारा लागतो. कर्माच्या जागी बसलेली ही व्यक्ती स्वतःही तीच क्रिया करीत असते. तिची क्रिया मात्र वाक्याने गिळून टाकलेली असते. पराभूताचे कर्तृत्व नाहीसे करून त्याला कर्म बनविणे, हा या रचनेचा गाभा होय.

याच ठिकाणी ‘ओव्हर’ या दुसऱ्या उपपदापासून तिचा भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘ओव्हरडू’ म्हणजे प्रमाणाबाहेर करणे. तेथे माप क्रियेच्या अंगचे असते. ‘आउटडू’ म्हणजे दुसऱ्याबाहेर करणे. तेथे माप दुसऱ्याच्या क्रियेचे असते. हा भेद शेक्सपिअरच्या काळी आजच्याइतका काटेकोर नव्हता. तरीही मुळात तो अर्थाचा भेद आहे, केवळ रूढीचा नव्हे.

संस्कृतातील ‘अति’ हा उपसर्ग या दोहोंचे काम एकटाच करतो. ‘अतिशी’ या धातूचा अर्थ मागे टाकणे, वरचढ होणे असा असून ‘अतिशय’ हा शब्द त्यापासूनच सिद्ध झाला आहे; ‘अतिक्रम’ हा मर्यादेच्या उल्लंघनाचा तर ‘अतिरेक’ हा प्रमाणाबाहेर उरण्याचा वाचक आहे. मराठीने यांतील दुसरा व तिसरा अर्थ उचलला आणि पहिला जवळजवळ सोडून दिला. ‘अतिशय’ मराठीत केवळ ‘फार’ या अर्थाचे विशेषण व क्रियाविशेषण होऊन बसले, आणि ‘अति तेथे माती’ या म्हणीने उपसर्गाचे भवितव्य निश्चित केले. मराठी कानाला ‘अति’ म्हणजे दोष. यास्तव ‘आउट’चे भाषांतर ‘अति’ने करू पाहणारा भाषांतरकार नकळत ‘ओव्हर’चे भाषांतर करून बसतो.

४. मराठीची सामग्री

मराठीत या अर्थाचा उपसर्ग नाही. परंतु त्यामुळे मराठी या अर्थाला पारखी आहे असे मात्र नव्हे. तिची सामग्री वाक्प्रचारांत विखुरलेली आहे. ‘मात करणे’ हा प्रयोग बुद्धिबळाच्या पटावरून आला. त्यात निर्णायक शेवट आहे. ‘कडी करणे’ आणि ‘वरताण करणे’ यांत समोरच्याने केलेल्या कृतीवर त्याच जातीची आणखी मोठी कृती रचण्याचा भाव आहे. ‘आउटडू’च्या अगदी जवळ जाणारे प्रयोग हेच होत. ‘मागे टाकणे’ शर्यतीचे आहे. ‘पुरून उरणे’ हा प्रयोग तर विशेष अर्थगर्भ आहे. समोरच्याच्या सगळ्या बळाचा खर्च होऊनही आपले काही शिल्लक राहणे, हा त्याचा आशय इंग्रजीतील एकाही क्रियापदात इतक्या थोडक्यात सापडत नाही. ‘शेरास सव्वाशेर’ ही म्हण आणि ‘सवाई’ हे विशेषण वरचढपणाला वजनमापांच्या भाषेत मांडतात. वरचढ ठरण्यास दुप्पट असावे लागत नाही, पावपट जास्त पुरते. ‘चोरावर मोर’ हा प्रयोग तर वरचढपणाचा चांगुलपणाशी संबंध नाही हे उघडच सांगतो.

या प्रयोगांची व्याकरणिक ठेवण पाहिली असता एक गोष्ट नजरेत भरते. ‘मात’, ‘कडी’, ‘वरताण’ या तिन्हींत पराभूत पक्ष कर्म होत नाही. तो ‘वर’ या शब्दयोगी अव्ययाने निर्दिष्ट होतो. इंग्रजीत प्रतिस्पर्धी क्रियेखाली चिरडला जातो. मराठीत तो पायाखालची जमीन होतो. शिवाय कृती कोणती, हे मराठीला वेगळे सांगावे लागते: ‘बोलण्यात मात केली’, ‘खर्चात वरताण केली’. इंग्रजी क्रियापदात मैदान आणि विजय हे एकाच शब्दात असतात. मराठीत मैदान सप्तमीत जाते.

मराठीच्या आरंभकाळातील सर्वांत प्रख्यात वरचढपणाची घोषणाही याच संदर्भात स्मरणीय आहे. ज्ञानेश्वरांनी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात मराठी बोलांच्या गोडीचे सामर्थ्य सांगताना अमृताशी पैज जिंकण्याची भाषा योजिली आहे. तेथे ‘अमृताहून गोड’ अशी साधी तुलना नाही. पैज आहे, आणि पैजेत प्रतिपक्षालाही उतरावे लागते. अमृताला स्पर्धक करणारी ही रचना अर्थदृष्ट्या ‘आउट’च्या क्रियापदांची सख्खी बहीण होय.

५. शेक्सपिअरचा उपयोग

या क्रियापदांच्या परीक्षेला शेक्सपिअरच्या नाटकांसारखे दुसरे क्षेत्र नाही. त्याने योजिलेले प्रयोग कर्माच्या स्वरूपावरून चार गटांत मांडता येतात.

पहिला गट प्रतिस्पर्धी व्यक्तीचा. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये न्यायालयातून बाहेर पडल्यावर अंगठ्यांच्या प्रकरणी आपण नवऱ्यांना शपथांच्या बाबतीत हरवू, असे पोर्शिया म्हणते, तेव्हा येणारे ‘आउटस्वेअर’ हे क्रियापद विनोदी आहे, कारण शपथेसारखी एकट्याने आणि गांभीर्याने करावयाची गोष्ट ती कुस्तीच्या फडात आणते. ‘किंग लिअर’च्या शेवटच्या अंकात कैद झालेली कॉर्डेलिया दैवाच्या वक्र भृकुटीला आपल्या भृकुटीने हरविण्याची भाषा करते. ‘आउटफ्राउन’ या क्रियापदाचे कर्म येथे दैवाची आठी आहे. ‘दैवाची पर्वा करणार नाही’ असे भाषांतर केल्यास धैर्य उरते, पण द्वंद्व जाते.

त्याच नाटकाच्या तिसऱ्या अंकात वादळात सापडलेल्या लिअरचे वर्णन करणारा एक सरदार, राजा आपल्या मनुष्यरूपी लहानशा जगात वाऱ्यापावसाला तिरस्काराने जिंकू पाहतो, असे सांगतो. हा मजकूर १६०८ च्या क्वार्टो प्रतीत आहे. १६२३ च्या फोलिओत नाही. ‘आउटस्कॉर्न’ हा तेथील पाठ काही संपादकांना खटकला आणि ‘आउटस्टॉर्म’ असा बदल सुचविला गेला. या पाठभेदात प्रस्तुत क्रियापदाच्या अर्थाचाच प्रश्न गुंतलेला आहे. ‘आउट’च्या क्रियापदात दोन्ही पक्ष एकच क्रिया करतात असे मानले, तर वादळाला वादळानेच हरविले पाहिजे, वारा तिरस्कार कसा करील? परंतु लिअरच्या दृष्टीने वारा आणि पाऊस हे कृतघ्न मुलींचे साथीदार आहेत. तो त्यांच्याशी बोलतो, त्यांना दोष देतो. म्हणून निसर्गालाच तिरस्काराच्या स्पर्धेत ओढणारा जुना पाठ त्याच्या मनःस्थितीशी अधिक सुसंगत ठरतो. दुरुस्ती तर्काला धरून आहे. मूळ पाठ पात्राला धरून आहे.

दुसरा गट मर्यादेचा. ‘ऑथेल्लो’च्या दुसऱ्या अंकात विजयोत्सवाच्या रात्री ऑथेल्लो कॅसिओला बजावतो, की मौजेने विवेकाला मागे टाकू नये. ‘आउटस्पोर्ट’चे कर्म येथे व्यक्ती नसून विवेक आहे, आणि विवेक काही खेळत नाही. क्रियापदाने मर्यादेलाच क्षणभर खेळाडू बनविले आहे. त्याच रात्री कॅसिओ मद्याच्या अंमलाखाली भांडण करून पद गमावतो, हे लक्षात घेता या एका शब्दात पुढील दुर्घटनेचे सूत्र आधीच पेरलेले दिसते.

तिसरा गट विशेषनामाचा, आणि सर्वांत प्रसिद्ध. ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकात राजपुत्र नटांना उपदेश करताना आरडाओरड करणाऱ्या नटाचा धिक्कार करतो, असा नट हेरॉडलाही हेरॉडपणात मागे टाकतो, अशा अर्थाचे क्रियापद तो घडवितो. हेरॉड हा मध्ययुगीन धर्मनाट्यांतील थयथयाट करणारा राजा; कॉव्हेंट्री येथील नाट्यसंहितेत तर तो रंगगाड्यावर आणि रस्त्यातही चवताळतो, अशी रंगसूचना आहे. मराठी वाचकाला हे पात्र परके नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’ने सुरू झालेल्या पौराणिक नाटकांत आरोळ्या ठोकीत प्रवेश करणारी राक्षसपार्टी आणि त्यावरून त्या नाटकांना पडलेले ‘अललडुर्र’ हे उपहासाचे नाव सर्वश्रुत आहे.

या रचनेला मराठीत नेमका जोड आहे. ‘कर्णालाही लाजवील असे दान’, ‘कुंभकर्णालाही लाजवील अशी झोप’ या प्रयोगांत विशेषनाम हेच माप असते. ‘लाजविणे’ या प्रयोजक क्रियापदाने प्रतिस्पर्धी कर्मस्थानी येतो, म्हणजे इंग्रजी रचनेची ठेवणही साधते. फरक एवढाच, की मराठीत मैदान वेगळे सांगावे लागते, तर शेक्सपिअरने हेरॉड या नामालाच क्रियापद करून माणूस आणि त्याचा दुर्गुण एकजीव केले. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’पासून (१८८३) मराठीत ‘हॅम्लेट’ आणू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे हे स्थळ उभे राहिले आहे. येथे ‘हेरॉडपेक्षा अधिक’ असे म्हणणारा अनुवाद अर्थ सांगतो. ‘लाजविणे’ योजणारा अनुवाद उपहासही सांगतो.

चौथा गट स्वतःचा. ‘कोरिओलेनस’च्या दुसऱ्या अंकात वोलम्निया आपल्या मुलाने पूर्वीच्या पराक्रमांना दुपटीने मागे टाकल्याची वार्ता सेनापतीच्या पत्राच्या आधारे सांगते, आणि लगेच त्याच्या अंगावरील जखमांची गणती होते: पूर्वी पंचवीस, आता सत्तावीस. मातेच्या तोंडी आलेले हे ‘आउटडन’ वरवर गौरवाचे आहे. परंतु ज्याला प्रतिस्पर्धी म्हणून स्वतःचा भूतकाळच उरला, त्याला थांबण्याची जागा उरत नाही. कोरिओलेनसची शोकांतिका या व्याकरणातच दडलेली आहे. मराठीत येथे ‘स्वतःवर मात केली’ असे म्हणण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. ‘स्वतःवर मात करणे’ म्हणजे मराठीत विकार जिंकणे. आणि कोरिओलेनस जे कधीच करू शकला नाही ते नेमके हेच. ‘आपल्याच पूर्वपराक्रमांवर कडी केली’ हे तेथे योग्य.

६. व्यतिरेकाचा प्रकाश

संस्कृत साहित्यशास्त्राने वरचढपणाला व्यतिरेक या अलंकारात स्वतंत्र स्थान दिले आहे. उपमेय उपमानाहून सरस ठरते तेथे व्यतिरेक. उपमानाचे आधिक्यही व्यतिरेकात धरावे काय, याविषयी शास्त्रकारांत मतभेद होता. रुद्रटाने तसे मानले. चंद्र क्षीण होऊन पुन्हा वाढतो, पण गेलेले तारुण्य परतत नाही, हे त्याचे उदाहरण. अकराव्या शतकात मम्मटाने त्याचे खंडन केले: तेथे तारुण्याची अस्थिरता हीच विवक्षित असल्यामुळे आधिक्य उपमेयाचेच आहे. पुढे विश्वनाथाने पुन्हा दोन्ही पक्ष स्वीकारले. वादाचे मर्म असे, की कोण सरस हे वस्तूंवरून ठरत नाही. वाक्य कोणत्या मापाने मोजते यावरून ठरते.

‘अँटनी अँड क्लिओपात्रा’च्या दुसऱ्या अंकातील नौकावर्णनाला ही कसोटी लावून पाहण्याजोगी आहे. शेक्सपिअरसमोर टॉमस नॉर्थने १५७९ मध्ये केलेले प्लुटार्कचे भाषांतर होते. त्यात क्लिओपात्रा चित्रांत दिसणाऱ्या व्हीनससारखी नटलेली आहे, एवढेच आहे. ही शुद्ध उपमा होय. नाटकात एनोबार्बस म्हणतो, की ज्या व्हीनसच्या चित्रात कल्पनेने निसर्गाला मागे टाकले, त्या चित्रालाही ती मागे टाकीत होती. निसर्गावर कलेची कडी, आणि त्या कलेवर पुन्हा एका जिवंत स्त्रीची, म्हणजे निसर्गाचीच, कडी. ‘ओव्हरपिक्चर’ आणि ‘आउटवर्क’ या दोन क्रियापदांनी उपमेचा दुहेरी व्यतिरेक केला. नौका, सुगंध, वल्ही, सेविका यांपैकी बहुतेक सामग्री नॉर्थची आहे. ही चढती शिडी शेक्सपिअरची आहे. ज्या अनुवादात या ठिकाणी ‘व्हीनसहून सुंदर’ एवढेच येईल, तो अनुवाद शेक्सपिअरला सोडून जवळजवळ नॉर्थकडे परत जातो.

१६०९ मध्ये छापल्या गेलेल्या सुनीतांपैकी पंचावन्नावे सुनीतही याच दृष्टीने वाचण्याजोगे आहे. ‘हे काव्य संगमरवराहून अधिक टिकेल’ असा त्याचा आशय सांगितला जातो. मूळ वाक्यात मात्र ‘आउटलिव्ह’ या क्रियेचे कर्ते संगमरवर आणि राजेलोकांची सोनेरी स्मारके असून क्रिया निषेधयुक्त आहे, आणि काव्य कर्मस्थानी आहे. काव्य आरंभी स्वतःच्या विजयाची घोषणा करीत नाही. स्मारकांना विजय नाकारते. पराभूताचीच जागा घेऊन पराभव नाकारण्याची ही युक्ती ‘काव्याला पुरून उरणार नाहीत’ अशा रचनेने मराठीत राखता येते. ‘अधिक टिकेल’ने ती राखता येत नाही.

७. समीक्षेतील उपयोग

या क्रियापदांचा शिरकाव समीक्षेतही झाला. १६२३ च्या फोलिओच्या आरंभी बेन जॉन्सनने लिहिलेल्या गौरवकाव्यात शेक्सपिअरने लिली, किड आणि मार्लो यांना तेजाने झाकून टाकल्याचे ‘आउटशाइन’ या क्रियापदाने सांगितले आहे. पराभूताचे कर्तृत्व गिळण्याचा या रचनेचा स्वभाव येथे समीक्षेला भोवतो. मार्लोने काय केले हे वाक्य सांगत नाही. तो झाकला गेला एवढेच सांगते. संस्कृतातील उपमा, अर्थगौरव व पदलालित्य यांची तीन कवींत वाटणी करून शेवटी माघाच्या ठायी तिन्ही गुण पाहणारे प्रसिद्ध सुभाषित याच मार्गाने जाते. याउलट मराठीत परंपरेने चालत आलेला जो श्लोक वामनाला श्लोक, तुकारामाला अभंग, ज्ञानेशाला ओवी आणि मोरोपंताला आर्या बहाल करतो, तो प्रत्येकाला स्वतंत्र मैदान देतो आणि कोणालाही दुसऱ्याचे कर्म होऊ देत नाही. पहिली दृष्टी क्रमवारीची, दुसरी अधिकाराची. क्रमवारी लावण्यापूर्वी दोन कवी खरोखर एकच कृती करीत होते काय, हा प्रश्न समीक्षकाने स्वतःला विचारणे अगत्याचे आहे. कारण ‘आउट’च्या क्रियापदाची ती पहिली अट आहे.

८. निष्कर्ष

सारांश, या क्रियापदांचा अर्थ प्रतिशब्दाने सांगता येत नाही; कर्माच्या स्वरूपावरून तो प्रत्येक ठिकाणी ठरवावा लागतो. कर्म प्रतिस्पर्धी असेल तर ‘मात’, ‘कडी’ आणि ‘वरताण’. कर्म आदर्शवत् विशेषनाम असेल तर ‘लाजविणे’. काळाशी किंवा बळाशी झुंज असेल तर ‘पुरून उरणे’. कर्म मर्यादा असेल तर ‘ओलांडणे’, आणि तेथेही मर्यादेला क्षणमात्र प्रतिस्पर्धी केले असेल तर ‘मागे टाकणे’. ‘पेक्षा अधिक’ ही रचना यांतील कोणाचीही जागा घेऊ शकत नाही. जेथे ती घेते तेथे नाटकातील द्वंद्व विधानात रूपांतरित होते. इंग्रजीने जे एका उपपदात साठविले ते मराठीने पट, शर्यत, वजन, पैज आणि लज्जा यांच्या भाषेत वाटून ठेवले आहे. अनुवादकाला प्रत्येक वेळी निवड करावी लागते, ही मराठीची अडचण म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ही निवड करताना मूळ वाक्यातील हार कोणाची आणि कोणत्या मापाने झाली हे त्याला आधी ठरवावे लागते. आणि इंग्रजीच्या वाचकाने ते न ठरवताच पुढे गेलेले चालते, हा त्या दोन वाचनांतील फरक आहे.